वाकवणी

शेंदुरजनाघाटात कोणी ‘डोळे भरून आलो’ म्हटलं, तर समोरचा माणूस सांत्वन करायला धावत नाही, ‘किती झाले?’ म्हणून विचारतो. हे संत्र्याच्या कलमांचं गाव. इथे जंबेरी या रानलिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या देठापाशी झोपलेला हिरवा कोंब, नखाएवढ्या सालीसकट उतरवून त्या चिरेत सरकवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. याचं नाव डोळा भरणं. खालचं जंबेरीचं रोप म्हणजे खुंट. मुळं खुंटाची आणि फळं डोळ्याची, असा तो संसार असतो.

हे काम एकट्याचं नाही. पुढचा चाकू चालवतो, मागचा पट्टी बांधतो, आणि दोघेही वाफ्यातून बसल्या बसल्या सरकत जातात. शालिक बेलसरे आणि त्याची बायको पंचफुला यांच्या जोडीला तीस वर्षं होऊन गेली होती. पहिली एकोणीस वर्षं शालिक पुढे आणि पंचफुला मागे. शालिकच्या चाकूचं तालुक्यात नाव होतं, आणि हे नाव शालिकला स्वतःलाच सगळ्यांत जास्त ऐकू यायचं. पंचफुला मागून मुकाट्याने बांधत राहायची. एखाद्या दिवशी ‘जरा हळू कापा, मानूस हाय मांगं’ एवढंच म्हणायची.

मग काचबिंदू झाला. डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि मेंदूकडे जाणारी नस आतल्या आत वाळत गेली. दुखलं नाही, खुपलं नाही. आधी नजरेच्या कडा गेल्या, आणि त्या गेल्याचंही त्याला कळलं नाही. वाफ्याच्या टोकाशी ठेवलेल्या बादलीला तो रोज अडखळायचा आणि बादली ठेवणाऱ्याचा उद्धार करायचा. डॉक्टरांनी दिलेले थेंब हंगामाच्या घाईत कधी घातले, कधी राहिले. सेहेचाळिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांपुढे कायमचा अंधार झाला.

त्या हिवाळ्यात पंचफुला पुढे सरकली, कारण दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी तिने भरलेल्या शंभरातले चाळीस डोळे लागले आणि तिच्या डाव्या अंगठ्यावर सतरा जखमा झाल्या. तिसऱ्या वर्षी नव्वद लागले. शालिक मागे बसून बोटांनी बांधायला शिकला. आडवी चीर, उभी चीर, साल सुटल्याचा बारीक ‘टच्’, मग डोळा सरकतानाची शांतता, एवढं कानांनी ऐकलं की त्याचा हात आपोआप पट्टी घेऊन पुढे यायचा. अंगठ्याने चीर शोधायची, कोंबाचं टोक उघडं ठेवायचं, तीन वेढे खाली, तीन वर. डोळस माणसांपेक्षा त्याची बांधणी घट्ट असायची.

मध्यंतरी डोळे भरणारं यंत्रही गावात येऊन गेलं. दोघे ज्या नर्सरीत काम करायचे तिचे मालक भास्करराव खेरडे यांनी मोठ्या हौसेने ते शेडनेटमध्ये बसवलं. यंत्र सगळ्या साली सारख्याच खोल कापायचं, आणि थंडीत साल सुटत नाही तेव्हा थांबायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचे शंभरात साठ लागले, पंचफुलेचे सत्त्याण्णव. भास्कररावांनी यंत्र परत पाठवलं आणि गिऱ्हाइकांना ‘पंचफुलाबाईच्या हातची कलम हाय’ असं सांगायला सुरुवात केली. पंचफुला ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवशी तिच्या भाकरी जरा जास्तच गोल व्हायच्या.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण नागपूरच्या एका नेत्रसंस्थेत डॉक्टर मीनल देवतळे नावाच्या बाई वाळलेली नस पुन्हा उगवायची शस्त्रक्रिया करू लागल्या होत्या आणि त्यांना काचबिंदूचे रुग्ण हवे होते. वरुडच्या शिबिरात शालिकचं नाव निघालं.

डॉक्टर देवतळे पंचेचाळिशीच्या, बुटक्या आणि भराभर बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“काका, तुमच्या डोळ्याचं भिंग ठीक आहे, मागचा पडदाही बराचसा ठीक आहे. पण पडद्यावरचं चित्र मेंदूकडे नेणारी नस मेली आहे. या एका नसेत बारा लाख धागे असतात. हाताची नस तुटली तर हळूहळू वाढते. ही वाढत नाही. शरीरच तिला वाढू देत नाही.”

“मंग तुमी काय करता?” शालिकने विचारलं.

“तुमच्याच रक्तातल्या पेशी घ्यायच्या. प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा कोवळ्या करायच्या, पोटातल्या बाळाच्या असतात तशा. मग त्यांना नसेच्या पेशी व्हायला शिकवायचं. सहा महिने लागतात. त्या तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर बसवायच्या आणि जुन्या नसेच्या वाटेत केसाहून बारीक नळ्यांची एक जुडी ठेवायची. नव्या पेशींचे धागे त्या नळ्यांतून मेंदूकडे सरकतात, दिवसाला एक मिलिमीटर. धागे पोचले की नळ्या विरघळून जातात.”

पंचफुला म्हणाली, “म्हंजे डोयात डोया भरता तुमी.”

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. मग शालिकने स्वतःच्या मनगटावर नखाने चीर काढून त्यांना सगळं समजावलं: खुंट कोणता, डोळा कोणता, पट्टी कधी सोडायची. बाहेर रुग्णांची रांग खोळंबली होती, तरी डॉक्टरबाई खुर्ची पुढे ओढून ऐकत बसल्या.

“तुमचे शंभरात किती लागतात?” त्यांनी पंचफुलेला विचारलं.

“सत्त्यानव.”

“माझे आजवर अकराच रुग्ण झालेत,” डॉक्टर म्हणाल्या. “चौघांना थोडंफार दिसतं. सात जणांना नुसता उजेड कळतो. धागे पोचतात, पण पुढे काही होत नाही. का, ते मला अजून माहीत नाही. हे आधीच सांगून ठेवते.”

आपलं न जमलेलं असं पहिल्याच भेटीत उघड्यावर मांडणारी डॉक्टर पंचफुलेने पाहिली नव्हती. बाई तिला तिथेच आवडली.

सहा महिन्यांनी, ऑगस्टात, उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती आठ तास चालली. दोन दिवसांनी पंचफुला डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “मले पायाचं हाय. कसं केलं थे.”

नातेवाईक सहसा असलं बघायला मागत नाहीत. डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्रफीत लावली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमटे हलत होते आणि त्यांच्यामध्ये दुधी रंगाची एक जुडी होती, शेवयीच्या तुकड्यापेक्षाही बारीक. डॉक्टरांनी दाखवलं: मेंदूखाली दोन्ही डोळ्यांच्या नसा एका चौकात भेटतात. तिथे काही धाग्यांनी आपल्याच बाजूला राहायचं असतं आणि काहींनी पलीकडे जायचं असतं. चुकले तर माणसाला डावीकडचं उजवीकडे दिसेल. म्हणून त्या चौकात दोन वेगवेगळ्या रसायनांचे थेंब ठेवायचे, धाग्यांना वाट दाखवायला. थेंब ठेवताना चिमटा क्षणभर थांबला, मग अलगद उतरला.

“इथं तुमी श्वास धरला,” पंचफुला म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चित्रफीत थांबवली. “तुम्हाला कसं कळलं?”

“मी बी धरतो. डोया सरकवताना.” मग ती म्हणाली, “हात चांगला हाय तुमचा.” डॉक्टर देवतळ्यांना आजवर बरेच मानसन्मान मिळाले होते, पण त्या दिवशी त्यांनी घरी फोन करून नवऱ्याला हे वाक्य सांगितलं.

नंतर वाट पाहणं आलं. रोज एक मिलिमीटर. शालिक रोज सकाळी कपाळावर बोट ठेवून आज धागा कुठवर आला असेल याचा अंदाज सांगायचा, जणू एस.टी. कुठल्या फाट्यावर पोचली ते सांगतोय. डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात, शेडनेटमध्ये डोळे भरणं चालू असताना, तो पट्टी बांधता बांधता थांबला.

“पंचफुला, उजवीकडून काही तरी उजेडल्यावानी वाटते.”

उजवीकडे शेडनेटचं दार होतं आणि दारातून ऊन येत होतं. पंचफुलेने चाकू खाली ठेवला. ती त्याच्या दंडाला धरून बसून राहिली. आनंद झालाच होता. आणि त्याच आनंदाच्या खाली काहीतरी थंड सरकलं. हा बघायला लागला की चाकू त्याचा. आपण पुन्हा मागे. तिला स्वतःची लाज वाटली. नवरा आंधळा राहावा असं कोणत्या बाईला वाटेल? तसं तिला वाटत नव्हतंच. तिला फक्त चाकू सोडावासा वाटत नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या ते तिला कळत नव्हतं.

धागे पोचल्यापासून नव्वद दिवस एक औषध चालायचं होतं. त्या औषधाने मेंदूतल्या जोडण्या मऊ राहतात. कोणता धागा कुठे जोडायचा, ते मेंदू त्या दिवसांत वापरून वापरून ठरवतो. नव्वदच्या पुढे औषध देता येत नाही, फिट्स येऊ लागतात. मग जे जोडलं गेलं ते कायमचं आणि जे राहिलं तेही कायमचं. म्हणजे शालिकला दिसणार की नाही, ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठरायचं होतं.

पहिले तीस दिवस गेले. उजेड होता तेवढाच राहिला. एकतिसाव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला नागपूरला बोलावून मेंदूची चित्रं घेतली. आधी डोळ्यात प्रकाश सोडला. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे माणूस बघतो तिथे, एक बारीकसा ठिपका उमटला. मग त्याच्या हातात एक काडी आणि पट्टी दिली आणि बांधायला सांगितलं. तोच मागचा भाग लखलखून उठला.

“बघितलंत?” डॉक्टर पंचफुलेला म्हणाल्या. “डोळे गेल्यावर बघण्याची जागा रिकामी पडून राहत नाही. बोटं ती जागा घेतात. अकरा वर्षं काका बोटांनी बघतायत. आता धागे दारात येऊन उभे आहेत आणि घरात बोटं राहतायत. माझ्या त्या सात जणांचंही असंच झालं असणार.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थकवा होता.

शालिक मात्र ताडकन उठून बसला. “मॅडम, हे तं आमच्याच धंद्यातली गोठ हाय. डोया लागला, हिरवा हाय, पन फुटून नाही रायला. काहून? खुंटाचा शेंडा चालू हाय. सारा रस वरतं जाते, डोया उपाशी. शेंडा मारल्याबिगर डोया फुटत नाही.” त्याने दोन्ही हात पुढे केले. “हे माहे शेंडे. मारून टाकतो.”

डॉक्टरबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “दिवसातून तीन-चार तास हातमोजे घाला. त्याहून जास्त नको. मलाही हे नवीन आहे.”

पण शालिक बेलसरे कधी कोणाच्या मापाने वागला नव्हता. घरी आल्याबरोबर त्याने पंचफुलेला जुनं लुगडं फाडायला लावलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत जाड गुंडाळून घेतले. “नव्वदातले एकतीस गेले. आता तीन-चार तासाचं कौतुक कायले?”

मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. पंचफुला त्याला घास भरवायची, अंघोळ घालायची. नाकावर माशी बसली की तो ते बोचकं नाकावर आपटायचा. आधी दोघांना हसू यायचं. आठ दिवसांनी हसू गेलं. पट्टी बांधायला भास्कररावांनी दुसरी बाई दिली होती. शालिक शेडनेटच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायचा आणि उजेडाकडे तोंड करून वाट बघायचा. पंधरा दिवसांनी तो म्हणाला की उजेडही मळल्यासारखा वाटतोय. त्यानंतर तो फारसा बोलेनासा झाला. जेवण अर्ध्यावर आलं. रात्रभर झोपून सकाळीही तो झोपलेलाच असायचा.

“हात बी गेले आन डोये बी गेले तं मी काय उरलो?” एकदा तो म्हणाला. नव्वदातले सत्तेचाळीस दिवस संपले होते.

जानेवारीच्या शेवटी शेडनेटमध्ये खुंट वाकवायचं काम निघालं. डोळा लागला की खुंटाचा रस डोळ्याकडे वळवावा लागतो. घाईचे लोक खुंटाचा शेंडा सरळ छाटून टाकतात. पण जाणते लोक छाटत नाहीत. डोळ्याच्या वर दोन बोटांवर खोडाला अर्ध्यापर्यंत चीर देतात आणि सगळा शेंडा पानांसकट जमिनीकडे वाकवून ठेवतात. डोळ्याला अजून स्वतःचं पान नसतं. त्याला पान फुटेस्तोवर वाकवलेल्या शेंड्याची पानंच मुळांना पोसतात आणि मुळं डोळ्याला. छाटलं तर बरेचदा खुंटही सुकतो आणि डोळाही. डोळ्याची फांदी वीतभर झाली की मग वाकवलेला भाग काढायचा.

पंचफुलेने त्या सकाळी चाळीसेक खुंट वाकवले असतील. एकेचाळिसावा तिच्या हातात तसाच राहिला. वाकवलेल्या शेंड्याची पानं मातीला टेकली होती, हिरवीगार होती, आणि आपलं काम करत होती. तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. खुर्चीत शालिक बसला होता, दोन्ही हातांची बोचकी मांडीवर ठेवून. यानं छाटलं, तिच्या मनात आलं. वाकवायला पायजे होतं.

हे कळल्यावर तिने धावत जाऊन सांगायला हवं होतं. ती गेली नाही. दुपारी ती उशिराच्या वाफ्यात डोळे भरायला बसली आणि दिवसभर चाकू चालवत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मनाशी म्हणत होती की आपण अडाणी, आपलं काय ऐकायचं, डॉक्टरनीला माहीत नाही का. पण ते खरं कारण नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. चाकू इतका जड तिला कधी लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालिकने भाकरीचा पहिला घासच नको म्हटला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा पंचफुलेने ताट बाजूला सारलं आणि त्याच्या हातांच्या गाठी सोडायला घेतल्या.

“काय करून रायली?”

“खुंट छाटला तुमी. छाटाचा नसते, वाकवाचा असते. तुमी सोता शिकवलं मले, आन सोताच इसरले.”

तो उठून बसला. त्याची बोटं मोकळी झाली, पांढरी आणि सुरकुतलेली. पंचफुलेने ताटातला लिंबाचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यासमोर, पिवळ्या बल्बखाली धरला.

“हात नका लावू. आदी पाहा. काय हाय?”

“उजेड हाय नुसता.”

“पाहत राहा. मोठा हाय का लहान? सांगा, खोटं सांगा, पन सांगा.”

“लहान,” तो म्हणाला.

“आता लावा हात.”

त्याने हात लावला. बोटांनी एका क्षणात सांगितलं: लिंबू, अर्धं कापलेलं, बी उजवीकडे. त्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला. उजेडात जिथे नुसता धूर होता तिथे एक कड उमटली आणि विरून गेली.

“आनखी,” तो म्हणाला. “दुसरं काही आन.”

सकाळी पंचफुलेने डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बोटं बंद करायची नाहीत. त्यांना मागे ठेवायचं. आधी डोळ्याने बघायचं, तोंडाने सांगायचं, आणि मगच बोटांनी खरंखोटं करायचं. बोटांना जे माहीत आहे ते डोळ्याला मिळायला पाहिजे.

“काकू,” डॉक्टर म्हणाल्या, “दोन्ही खुणा लागोपाठ मेंदूत पोचल्या तर बोटांची जोडणी डोळ्याच्या धाग्याला ओढून घेईल. हे बरोबर आहे. हे इतकं बरोबर आहे की मला माझाच राग येतोय. मी उद्या येते.”

त्या खरंच आल्या, नागपूरहून, आणि तीन दिवस शेडनेटमध्ये वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या. त्यांनी वेळा बांधून दिल्या. बघायचं, सांगायचं, चार सेकंद थांबायचं, मग हात लावायचा. जसजसं डोळ्याचं बरोबर येईल तसतसा हात उशिरा लावायचा. पंचफुला दिवसभर एकेक वस्तू समोर धरायची: तांब्या, कात्री, संत्र्याचं पान, जंबेरीचं पान, भाकरी, तिचा स्वतःचा हात. शालिक चुकायचा, चिडायचा, पुन्हा बघायचा. पान आणि चमचा यांच्यात त्याने एकदा तासभर घोळ घातला आणि चमच्यालाच शिव्या दिल्या. साठाव्या दिवशी तांब्या हात न लावता ओळखला. अडुसष्टाव्या दिवशी पट्ट्यांची जुडी हलताना दिसली. सत्तराव्या दिवसानंतर तो हात लावायचंच विसरू लागला.

सत्त्याहत्तराव्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे शेडनेटच्या दारात आला, उभा राहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “हे वाफे वाकडे काहून हायेत?”

पंचफुलेच्या हातातली बादली खाली पडली. वाफे खरंच वाकडे होते. अकरा वर्षं ते तसेच वाकडे होते, आणि त्यावर कोणी तिला बोललं नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडू लागली. तो गोंधळून विचारत राहिला, “अवं, वाफ्यासाठी कायले रडतं?”

नव्वदाव्या दिवशी नागपूरला त्याने तक्त्यावरच्या पाच ओळी वाचल्या. नजर फार रुंद नव्हती. हातभर अंतरावर ताटाएवढा गोल दिसायचा, त्यापलीकडे धूसर. पण त्या गोलात सुईचं नेढंही दिसत होतं. डॉक्टर देवतळे कागद हातात घेऊन खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने डोळे पुसून परत आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आठ रुग्णांवर तीच पद्धत वापरली आणि आठांपैकी सात जणांना दिसू लागलं. देशोदेशीच्या डॉक्टरांनी तिला लांबलचक नाव दिलं. नागपूरच्या त्या वॉर्डात मात्र नर्सा एकमेकींना ‘तीन नंबरची वाकवणी झाली का?’ असंच विचारतात.

पुढचा हंगाम लागला. नोव्हेंबराच्या पहिल्या सकाळी भास्करराव स्वतः शेडनेटमध्ये आले. “शालिकभाऊ, आता पह्यल्यावानी होऊन जाऊ द्या,” असं म्हणून ते खुशीत निघून गेले. पंचफुलेने चाकू पुसला आणि शालिकच्या हातात दिला. मग उठून त्याच्या मागे जाऊन बसली आणि पट्ट्यांची जुडी मांडीवर घेतली. तिने हे मनाशी कित्येक दिवस घोकून ठेवलं होतं. चेहरा सरळ ठेवायचा, एवढंच काम होतं.

शालिकने पहिल्या खुंटाला चीर दिली. चांगली दिली. दुसरी दिली. तिसऱ्याला साल सुटेना, तेव्हा तो थांबला. बराच वेळ थांबला.

“तुमाले एक सांगाचं हाय,” पंचफुला मागून म्हणाली. त्याची पाठ समोर असताना ते बोलणं तिला सोपं वाटलं. “मांगच्या साली, थे वाकवाचं मले दोन दिवस आदीच समजलं होतं. मी चूप रायली. चाकूसाठी.”

शालिकने मान वळवली नाही. “माहीत हाय,” तो म्हणाला.

“कसं काय माहीत?”

“थे दोन दिवस तुया चाकूचा आवाज येगळा होता. आडवी चीर उशिरा देत होती तू. मले वाटलं, हिच्या मनात काही तरी हाय, सांगीन तवा सांगीन. सांगतलं नं तू.”

शालिक उठला, वाफ्यातून दोन पावलं मागे आला आणि तिच्या मांडीवरची पट्ट्यांची जुडी उचलून घेतली. चाकू तिच्या पुढ्यात ठेवला.

“सरक पुढं.”

“येवढे डोये आले थे पट्ट्या बांधाले?”

“अकरा सालं मी नुसतं आयकलं,” शालिक म्हणाला. “लोक म्हनते, पंचफुलाबाईचा हात, पंचफुलाबाईचा हात. सारं गाव पायते, मीच नाही पायलं. तू कशी कापतं थे पायाचं हाय मले.”

तो तिच्या जवळ येऊन बसला, हातभर अंतरावर, आणि मान जरा तिरकी करून तिचे हात त्याच्या त्या ताटाएवढ्या गोलात बरोबर घेतले. पंचफुलेने चाकू उचलला. ती एरवी दिवसाला हजार डोळे भरायची. त्या सकाळी तिने पहिला डोळा फार सावकाश भरला, त्याला सगळं नीट दिसावं म्हणून.